लवूबरोबर खडपावर

"पेडवो कापू नको रे मेल्या, अख्खो लाव," लवू म्हणाला. त्याने माझ्या हातातली सुरी काढून घेतली आणि आमिषाच्या पेडव्याच्या डोळ्यातून गळ असा ओवला की तो मासा पाण्यात पोहतोय असं वाटावं. "तांबोशी काय भिकारी आसा? तिका अख्खो पेडवो दिसाक व्हयो."

मला हसू आवरत नव्हतं. लवू मला शिव्या देत होता, म्हणजे लवू ठीक होता.

दिवाळी होऊन गेली होती. समुद्र तेल ओतल्यासारखा सपाट होता आणि आमची लहान फायबरची होडी किनाऱ्यापासून फार लांब नव्हती. मागे वळून पाहिलं तर वाडीतल्या चुलींचा धूर दिसत होता. होडीत आम्ही दोघंच. गळ टाकून हातानेच दोरी ओढत मासे धरायचे, याला आमच्याकडे गरवणं म्हणतात. उतारवयात आम्ही दोघं एवढंच करायचो. किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायची रापण सुटली, ट्रॉलरवरची कामं सुटली, पण पाऊस संपला की खडपावर गरवायला जायचं, हे काही सुटलं नव्हतं. त्या वर्षीपर्यंत.

लवू कुबल आणि मी, धाकू तारी, एका वाडीतले, एका वयाचे. शाळेत एका बाकावर बसलो, शाळा एकाच दिवशी सोडली, आणि लग्नंही एकाच मे महिन्यात झाली. त्याने मला कधी धाकू म्हटलं, कधी धाक्या म्हटलं, बहुतेक वेळा मेल्या म्हटलं. मीही त्याला तसंच.

त्याचं डोकं बिघडायला लागलं ते आधीच्या वर्षी. सुरुवातीला आम्ही सगळे हसलो. चहात मीठ घातलं, बाजारात गेला आणि पिशवी घेऊन रिकामाच परत आला. मग एकदा घराचा रस्ता चुकला. मग मुलीला आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारायला लागला, तेव्हा हसणं थांबलं. कुडाळच्या डॉक्टरने सांगितलं की हा विसरण्याचा आजार आहे आणि तो वाढतच जातो. त्यानंतर घरच्यांनी त्याला समुद्रावर जाऊ दिलं नाही. तो खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, खुर्ची टाकून समुद्राकडे तोंड करून बसायचा. जेवायला हाक मारली तरी वळायचा नाही.

आदल्या संध्याकाळी इंदूवहिनी, लवूची बायको, आमच्या दारात आली होती.

"भावजी, एक दिवस तेंका खडपार घेवन जावा," ती म्हणाली. "घरात ते माका वळखनत नाय. माका म्हणतत, बाय, तुमी कोणाकडे इलास? दर्यार गेले तर जरा तरी पयल्यासारे होतीत."

माझी बायको रत्ना तिथेच होती. तिने माझ्याकडे पाहिलं. पण इंदूवहिनीला नाही म्हणणं कुणालाच जमलं नसतं.

आणि सकाळी खरंच तो पहिल्यासारखा झाला. होडी पाण्यात ढकलताना खांदा नेमका कुठे लावायचा, हे त्याला सांगावं लागलं नाही. खडप म्हणजे पाण्याखालचा खडक, वरून काही दिसत नाही. मला एकट्याला ते सापडायला तीन-चार वेळा नांगर टाकावा लागतो. लवू उभा राहिला, डोळ्यांवर हात धरून त्याने किनाऱ्याकडे पाहिलं, होडी थोडी पुढे घ्यायला लावली आणि म्हणाला, "टाक."

मी नांगर टाकला. पहिल्याच गळाला तांबोशी लागली.

काय दिवस होता तो! वर्षानुवर्षं असे मासे लागले नव्हते. तांबड्याजर्द तांबोशी एकामागून एक वर येत होत्या. एक गोबरा तर असा लागला की दोरीने लवूचा तळवा कापला. त्याने सोडला नाही. गोबरा होडीत येऊन आपटला तेव्हा आम्ही दोघं पोरांसारखे ओरडलो.

"तुझ्या बापाशीन मारललो आठवता?" मी विचारलं.

"ओल्या दोरयेन," तो लगेच म्हणाला. "तुका कमी, माका जास्त. आणि होडी चोरूची अक्कल तुझी!"

आम्ही बारा-तेरा वर्षांचे असताना एक मोठं जहाज खडकावर चढून बसलं होतं. ते बघायला म्हणून आम्ही लवूच्या वडिलांची होडी न विचारता नेली होती. परत आलो तेव्हा त्यांनी दोरी समुद्रात बुडवून आणली आणि आम्हाला झोडपलं. आम्ही ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, कारण मार खाताना आम्ही दोघंही चड्डीत मुतलो होतो.

लवूला सगळं आठवत होतं. मला वाटलं, डॉक्टरला काय कळतं. याला घरात कोंडून ठेवलं म्हणून असं झालं. आता रोज आणायचं. इंदूवहिनीला जाऊन काय सांगायचं, तेही मी मनात ठरवून टाकलं.

दुपारी आम्ही जेवलो. भाकरी आणि सुक्या बांगड्याची किसमूर. लवू पोटभर जेवला, ढेकर दिली आणि ताडपत्रीच्या तुकड्याच्या सावलीत फळीवर आडवा झाला. मी टोपी काढून शेजारी ठेवली, मान पाण्याने ओली केली आणि गरवत राहिलो. वारा थोडा फिरला होता, पाण्याला दक्षिणेकडे ओढ लागली होती. घाबरण्यासारखं काही नव्हतं.

तो उठला तेव्हा आधी त्याने आकाशाकडे पाहिलं, मग पाण्याकडे, मग माझ्याकडे.

"तुमी कोण?"

मला वाटलं, थट्टा करतोय. "तुझो बापूस," मी म्हणालो.

तो हसला नाही. तो उठून बसला आणि एखाद्या परक्या माणसाशी बोलावं तसं आदराने म्हणाला, "तसा नाय. तुमी कोण तां माका कळाक नाय. आमी दोघा इल्लंव. मी आणि धाकू. धाकू खय गेलो?"

त्याने आयुष्यात मला ‘तुमी’ म्हटलं नव्हतं.

"लवू, अरे मीच धाकू."

त्याने मान हलवली. समोरच्याचा अवमान नको म्हणून माणूस मान हलवतो तशी. मग तो होडीत इकडे तिकडे पाहू लागला. त्याच्या नजरेस माझी टोपी पडली. त्याने ती उचलली, उलटीसुलटी केली.

"ही तेची टोपी."

"माझीच टोपी आसा ती. हय बघ." मी ती त्याच्या हातातून घेऊन डोक्यावर घातली. "बघ, वळखलंस?"

त्याने ती माझ्या डोक्यावरून ओढून काढली. इतक्या जोरात की त्याची नखं माझ्या कपाळाला लागली. "तेच्या टोपयेक हात लावू नकात!"

मग तो होडीच्या कडेवर वाकला आणि पाण्यात पाहायला लागला. "धाकू!" तो ओरडला. "धाक्या रे! अरे धाक्या!"

मोकळ्या समुद्रावर हाक फार लांब जात नाही. कुठे आपटत नाही, परत येत नाही. जाते आणि संपते. मी त्याच्या मागे बसून माझ्याच नावाच्या हाका ऐकत होतो.

मी त्याला इंदूवहिनीचं नाव सांगितलं, त्याच्या मुलीचं सांगितलं. तो ऐकत नव्हता. शेवटी मी ती मार खाल्ल्याची गोष्ट काढली. जहाज, होडी, ओली दोरी, चड्ड्या. सगळं सांगितलं. तो वळला. त्याचे डोळे भरून आले.

"ह्या तुमका धाकून सांगितल्यान?"

"धाकूच बोलता तुझ्याशी, लवू."

"तो ह्या कोणाक सांगणा नाय," तो म्हणाला. "तुमका सांगितल्यान म्हणजे तुमी तेच्या जवळचे." आणि मग त्याचा चेहरा बदलला. "मगे तुमी असे बसान कित्याक रवलास? तो बुडलो आणि तुमी गरवत रवलास?"

मी ठरवलं की आता बोलायचं नाही, इंजिन लावायचं आणि घर गाठायचं. नांगराची दोरी ओढायला मी पुढच्या टोकाला गेलो. त्याच्याकडे पाठ झाली तेवढ्यात होडी हलली आणि पाण्याचा आवाज झाला.

लवू उत्तम पोहणारा. वय झालं तरी पाण्यात तो माशासारखा होता. त्याने बुडी मारली, वर आला, श्वास घेतला, परत बुडी मारली. दर वेळी तो थोडा आणखी लांब वर यायचा, कारण पाणी त्याला दक्षिणेकडे ओढत होतं. आणि वर आला की पहिली हाक माझ्या नावाची.

मी दोरी फेकली. ती त्याच्या हातापाशी पडली. त्याने ती बाजूला सारली.

"लवू! मी हय आसंय! मी धाकू! मी होडयेत आसंय!"

तो पाण्यात गर्रकन वळला. माझा आवाज त्याने ओळखला होता. त्या एका क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मी माझ्या लग्नातही त्याच्या तोंडावर पाहिला नव्हता. "खय? धाक्या, खय आसंस रे?" तो चारी दिशांना पाहत होता. पाण्यावर पाहत होता. होडीकडे मात्र पाहत नव्हता. आणि मी जितका ओरडत होतो तितका तो जास्त जोराने शोधत होता, जास्त खोल जात होता. माझ्या हाकेनेच तो बुडायला लागला होता.

मी गप्प बसलो.

नांगराची दोरी सोडून दिली, वल्हं घेतलं आणि होडी त्याच्यापाशी नेली. आता तो बुडी मारून वर येताना खोकत होता. ओठ निळे पडले होते. हात पाण्यावर नुसते आपटत होते. मी वल्हं पुढे केलं. त्याने धरलं नाही.

"सोडा," तो म्हणाला. "तो खाली आसा."

पुढची बुडी शेवटची ठरली असती. ते त्यालाही कळलं असावं, कारण त्याने छाती भरून श्वास घेतला. मी होडीच्या कडेवर ओणवा झालो आणि परक्या माणसासारखं म्हणालो, "अहो! ऐका माझा. धाकू गेलो."

तो थांबला.

"मी बघितलंय," मी म्हणालो. "खाली गेलो तो. लय येळ झालो. आता गावाचो नाय. तुमी वर येवा."

"तुमी बघितलास?"

"व्हय."

"तेना हाक मारल्यान नाय माका?"

मी म्हणालो, "नाय. वेळच नाय गावलो."

लवूच्या अंगातला जोर एकदम गेला. त्याने होडीची कड धरली आणि कपाळ तिच्यावर टेकलं. मी त्याच्या काखेत हात घालून त्याला कसाबसा वर ओढला. तो माशांमध्येच पडून राहिला, तोंड खाली करून. मी इंजिन लावलं.

येताना तो कुडकुडत होता. मी माझा शर्ट काढून त्याच्यावर घातला. होडीच्या तळातल्या पाण्यात पडलेली टोपी त्याने दोन्ही हातांत धरली होती, पाणी पिळून काढून परत परत नीट करत होता.

"तेका माझ्यापेक्षा बरा पवाक येय," तो म्हणाला. "कसो बुडलो मगे?"

"पायात गोळो इलो आसतलो," मी म्हणालो.

"व्हय. तेका येय गोळो." मग पुन्हा टोपी पिळत, "ल्हानपणापासून असोच तो. खयव उडी घालूची झाली की माझ्या आधी. आजव माझ्या आधीच गेलो."

मी इंजिनाचा दांडा धरून बसलो होतो. किनारा जवळ येत होता. मला वाटत होतं, वाळूवर पाय टेकला की हे सगळं गळून पडेल. तो माझ्याकडे बघेल आणि म्हणेल, मेल्या, नांगर खय टाकलंस?

"रत्नाक कोण सांगतलो?" त्याने विचारलं.

"मी बघतंय तां."

"नको. तुमी परके. मीच सांगतलंय. माझो दोस्त होतो तो."

होडी वाळूला लागली तसा तो उतरला आणि चालायला लागला. ओले कपडे, हाताच्या तळव्यातून रक्त, हातात टोपी. मी होडी तशीच टाकून त्याच्या मागे धावलो. तो रस्ता चुकला नाही. स्वतःचं घर चुकणारा माणूस माझ्या घरी सरळ आला.

रत्ना खळ्यात मिरच्या वाळत घालत होती. त्याला तसा पाहून ती उठून उभी राहिली. तो तिच्यापासून चार हातांवर थांबला, टोपी पुढे धरली.

"रत्ना," तो म्हणाला, "धाकू गेलो गो. दर्यान नेल्यान. मी उडी घातलंय. लय शोधलंय. माका गावलो नाय."

रत्नाने त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी तिथे उघड्या अंगाने उभा होतो. मी मान हलवली. नाही म्हणालो की गप्प राहा म्हणालो, मलाच ठाऊक नाही. तिने त्याच्या हातातून टोपी घेतली आणि खाली बसली आणि रडायला लागली. खोटं नव्हतं ते. इतकं मोठ्याने ती तिचे वडील गेले तेव्हाही रडली नव्हती. लवू तिच्याजवळ उकिडवा बसला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "रडू नको. मी आसंय. तुका काय कमी पडूचा नाय."

आवाज ऐकून शेजारपाजारचे आले. इंदूवहिनी आली. तिला एका नजरेत सगळं समजलं. तिने नवऱ्याला हाताला धरून उठवलं आणि नेलं. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ते मासे होडीतच राहिले. संध्याकाळी कावळ्यांनी आणि कुत्र्यांनी त्यांची वाट लावली.

आम्हाला वाटलं, दोन दिवसांत विसरेल. तो जेवला की नाही हे विसरायचा. मुलीचं नाव विसरला. पुढे पुढे घास तोंडात घालून गिळायचंही विसरायला लागला. हे मात्र विसरला नाही. त्याने मासे खाणं सोडलं. वाटेवरून जाणाऱ्या कुणालाही थांबवून सांगायचा, "धाकू गेलो, कळला मां?" सुरुवातीला पोरं मला चहाच्या टपरीवर ‘भुता’ म्हणून हाक मारायची आणि मीही हसायचो. काही दिवसांनी पोरांनी आपणहून बंद केलं.

मी रोज संध्याकाळी त्याच्याकडे जात होतो. दुसरं काय करणार? तो मला ओळखायचा, म्हणजे त्या दिवशी होडीत असलेला माणूस म्हणून ओळखायचा. उठून खुर्ची द्यायचा. इंदूवहिनीला म्हणायचा, "ह्येंनी माका वाचवल्यानी, चाय टाक." मग धाकूच्या गोष्टी सांगायचा. धाकू कसा पोहायचा, धाकू कसा भांडायचा, धाकूला कसं नाचता यायचं नाही. काही खऱ्या, काही त्याने रचलेल्या. मी ऐकायचो. माझ्याबद्दल इतकं चांगलं माझ्या तोंडावर तो कधीच बोलला नसता. एकदोनदा मी हळूच म्हणून पाहिलं, "आणि धाकू परत इलो तर?" तो माझ्याकडे दयेने पाहायचा. दर्यातून कोण परत येतं?

एक संध्याकाळ सांगतो आणि थांबतो. पावसाळा लागला होता. तो खूप खंगला होता. इंदूवहिनी त्याला लहान मुलासारखं भरवायची. मी गेलो, खुर्चीवर बसलो. तो माझ्याकडे पाहत राहिला. मग माझा हात त्याने हातात घेतला. कित्येक महिन्यांनी त्याने मला स्पर्श केला होता. मला वाटलं, ओळखलं.

"राग मानू नकात," तो म्हणाला. "तुमी बरे माणूस. पण तुमी इलास की माका तो दिस दिसता. रात्री निज येणा नाय." तो शब्द शोधत होता. "तुमी हय येव नकात."

दारात इंदूवहिनी उभी होती. तिने पदर तोंडाला लावला.

मला खूप काही म्हणायचं होतं. पण ते सगळं धाकूचं होतं आणि धाकू तर गेला होता. मी त्याच्या मुठीतून हात सोडवून घेतला, त्याला नमस्कार केला आणि पावसात उतरलो. पुन्हा त्या खळ्यात पाय ठेवला तो शिमग्यात, त्याला खांदा द्यायला.